ऑर्ग मोडमध्ये मथळे हलवणे आणि लावणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी?

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला ऑर्ग मोड वापरायला लागलात, चार-दोन फाइली भरल्या, आणि आता त्यांतले मथळे नीट लावायला बसलं की बोटं अडखळतात, अशांसाठी. ईमॅक्स कसा बसवायचा, ऑर्ग म्हणजे काय, हे इथे सापडणार नाही. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदी आणि कामांच्या याद्या सांभाळायला २००३ मध्ये ऑर्ग लिहायला घेतला. ईमॅक्सच्या २२व्या आवृत्तीपासून तो ईमॅक्सबरोबरच येतो, वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही. तेव्हापासून त्यात भर पडत गेली, आणि आज कमांड्सची यादी पाहिली की नवखा माणूस फाइल बंद करून वहीकडे वळतो.

कळांबद्दल एक खुलासा. खाली 'आल्ट' म्हटलं की मॅकवाल्यांनी 'ऑप्शन' समजावं. 'कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यू' म्हणजे आधी पहिली जोडी, मग दुसरी. सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची. पहिली काही अक्षरं टाइप करून टॅब दाबलंत तर बाकीचं ईमॅक्सच पुरं करतो.

मुळात इतक्या कमांड्स कशाला?

क्रियापदं फार नाहीत. हलवा, आत घ्या, बाहेर काढा, दुसरीकडे पाठवा, क्रमाने लावा. बस्स. संख्या वाढते ती 'काय हलवायचं' या प्रश्नामुळे: एकटा मथळा, की त्याच्या पोटातल्या सगळ्या लवाजम्यासकट?

हा पेच ऑर्गने आणलेला नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत 'एनएलएस' ही प्रणाली जाहीरपणे दाखवली, तेव्हा पडद्यावर बाजारहाटाची यादी घेऊन तिच्यातल्या जिनसा गटांत लावून दाखवल्या होत्या. त्या प्रणालीत कमांडचे दोन तुकडे असत, आधी क्रिया आणि मग वस्तू. वस्तूंमध्ये स्टेटमेंट म्हणजे एकच नोंद, ब्रँच म्हणजे ती नोंद आणि तिच्याखालचं सारं, शिवाय ग्रुप आणि प्लेक्स. त्यामुळे 'हलवा' ही एकच क्रिया शिकली की ती चारही वस्तूंवर चाले. नंतरच्या बऱ्याच प्रोग्रॅमांनी हे दोन तुकडे एकाच कळजोडीत कोंबले आणि प्रत्येक जोडीला वेगळी कमांड दिली. ऑर्गमध्येही तसंच झालं आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. 'एकटा की लवाजम्यासकट' हा प्रश्न दर वेळी सोडवत बसू नका. कायम लवाजम्यासकट हलवा. एकटा मथळा हलवायची वेळ क्वचितच येते, आणि आली तर तेवढ्यापुरती वेगळी कमांड वापरता येते. या पानापुरतं, मथळा, त्याच्याखालचा मजकूर आणि सगळे पोटमथळे मिळून जे होतं त्याला 'फांदी' म्हणू.

मग किमान किती कमांड्स शिकायच्या?

सहा. फांदी वर, फांदी खाली, फांदी बाहेर, फांदी आत, फांदी दुसऱ्या मथळ्याखाली पाठवणे (हिला ऑर्गमध्ये 'रिफाइल' म्हणतात), आणि चुकलं तर मागे घेणे. क्रमवारी आणि अर्काइव्ह (नको असलेली फांदी वेगळ्या फाइलीत ठेवणे) महिन्या-दोन महिन्यांनी लागतात, तेव्हा ते मेन्यूतून केलं तरी चालेल. ईमॅक्सच्या वरच्या पट्टीत 'ऑर्ग' नावाचा मेन्यू असतो हे कित्येकांच्या गावीही नसतं, कारण कुणाची तरी सेटिंग फाइल उचलताना मेन्यूपट्टी पहिल्याच ओळीत बंद केलेली असते.

आल्ट-उजवा बाण दाबला आणि पोटमथळे भलतीकडे गेले. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एका दिवाळी अंकाच्या जुळणीची फाइल घेऊ.

\* दिवाळी अंक
\*\* कथा
\*\*\* ग्रामीण कथा
\*\*\* अनुवादित कथा
\*\* लेख
\*\*\* पाणीप्रश्न
\*\*\* मुलाखत
\*\* कविता

कर्सर 'लेख'वर ठेवून आल्ट आणि उजवा बाण दाबलात, तर फक्त 'लेख'ला एक तारा वाढतो. तो तीन ताऱ्यांचा होतो आणि वर असलेल्या 'कथा'च्या पोटात जाऊन बसतो. 'पाणीप्रश्न' आणि 'मुलाखत' जागचे हलत नाहीत, पण त्यांचेही तारे तीनच असल्यामुळे आता ते 'लेख'चे भावंड झाले. म्हणजे 'कथा'खाली पाच समान मथळे, आणि 'लेख' रिकामा.

ऑर्गच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नाही. ऑर्गची फाइल साधा मजकूर असते. कोण कुणाच्या पोटात, हे फक्त ताऱ्यांच्या संख्येवरून आणि ओळींच्या क्रमावरून ठरतं. वेगळी नोंद कुठेही ठेवलेली नसते. नुसत्या आल्टची कमांड एकाच ओळीचे तारे बदलते. फांदी हवी असेल तर आल्ट-शिफ्ट-उजवा बाण. मग 'लेख'ला तीन तारे आणि त्याच्या पोटातल्या दोघांना चार, सगळं एकत्र.

मी शिफ्टही दाबलं होतं, तरी बाहेर काढताना घोळ झाला.

हा त्याच्या पुढचा सापळा, आणि यात मुरलेले लोकही अडकतात. वरच्याच फाइलीत 'लेख' हा भाग अंकातून काढून स्वतंत्र पहिल्या पातळीवर न्यायचा आहे. आल्ट-शिफ्ट-डावा बाण दाबला. 'लेख' एका ताऱ्याचा झाला, पोटातले दोन ताऱ्यांचे झाले. इथवर बरोबर. पण खाली 'कविता' दोन तारे घेऊन जागच्या जागी उभी आहे, आणि तिच्यावरचा सर्वांत जवळचा एकतारी मथळा आता 'दिवाळी अंक' नसून 'लेख' आहे. कविता आपोआप लेखांत दत्तक गेली. कमांडने तिला हातही लावला नाही, तरी तिचा बाप बदलला.

उपाय सोपा आहे: आधी खाली, मग बाहेर. आल्ट-खालचा बाण दाबून फांदी भावंडांमध्ये सगळ्यात शेवटी न्या, आणि तिथून आल्ट-शिफ्ट-डावा बाण. शेवटी असलेल्या फांदीमागे दत्तक जायला कुणी उरत नाही. पंधरा-वीस भावंडं ओलांडून खाली नेण्याचा कंटाळा असेल तर रिफाइल करा, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पायथनमध्ये लिहिलेल्या 'लिओ' या आउटलाइनरमध्ये (मजकूर झाडासारखा लावायचा प्रोग्रॅम) नोड, म्हणजे तिथला मथळा, डावीकडे नेला की तो आपल्या आधीच्या पालकाच्या मागे जाऊन बसतो, आणि मागे राहिलेली भावंडं त्या पालकाकडेच राहतात. तिकडून आलेल्या माणसाला ऑर्गचं हे वागणं फार खटकतं, आणि त्याचं खटकणं रास्त आहे. लिओत झाडाची रचना प्रोग्रॅम सांभाळतो, ऑर्गमध्ये ती ओळींवरून ओळखायची असते. साध्या मजकुराचे फायदे घेतले की हाही भार घ्यावा लागतो.

मथळ्याची घडी घातलेली असताना बाण दाबला तर काहीच होत नाही, खाली एक सूचना येते. ती काय आहे?

सूचनेचा अर्थ असा की पोटातला भाग झाकलेला आहे, टॅबने उघडा नाहीतर आल्ट-शिफ्टची फांदीवाली कमांड वापरा. ही सूचना त्रास द्यायला नाही. झाकलेल्या मथळ्याचा एकट्याचा तारा बदलला असता तर वरच्या उदाहरणातला गोंधळ तुमच्या नजरेआड झाला असता. ती दिसली की शिफ्ट जोडा आणि पुढे चला.

मग वर-खाली नेताना शिफ्ट का लागत नाही?

लागत नाही, कारण मथळा वर-खाली नेणं म्हणजे भावंडांशी जागेची अदलाबदल, आणि ती कायम फांदीचीच होते. मथळा वर गेला आणि पोटातलं खालीच राहिलं, याला काही अर्थच नाही. आडवं नेताना मात्र दोन्ही शक्यता असल्यामुळे दोन कमांड्स आल्या. तर्क बरोबर, पण लक्षात ठेवायला वाईट: वर-खाली नुसता आल्ट, डावी-उजवीकडे आल्ट-शिफ्ट. या विषमतेवरचा इलाज पुढच्या उत्तरात आहे.

बाणांच्या ऐवजी काही सोपं नाही का?

आहे, आणि ते मुळातच बंद करून दिलेलं असतं, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. त्याला 'स्पीड कमांड्स' म्हणतात. आल्ट-एक्स दाबा, 'कस्टमाइझ-व्हेरिएबल' निवडा, मग 'ऑर्ग-यूज-स्पीड-कमांड्स'. ते चालू करून जतन करा.

आता कर्सर मथळ्याच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या ताऱ्याच्याही आधी असेल, तेव्हा एकेक अक्षर हीच कमांड होते. कॅपिटल यू म्हणजे फांदी वर, डी म्हणजे खाली, एल म्हणजे बाहेर, आर म्हणजे आत. चारही कॅपिटल आणि चारही फांदीवर चालणाऱ्या. शिफ्ट कुठे लावायचं आणि कुठे नाही हा वरचा प्रश्नच मिटला. स्मॉल एल आणि स्मॉल आर एकट्या मथळ्यावर चालतात. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

यांच्या जोडीला एन आणि पी, म्हणजे पुढचा आणि मागचा दिसणारा मथळा. सी दाबलं की घडी उघडते-मिटते. डब्ल्यू म्हणजे रिफाइल. टी ने कामाची स्थिती बदलते. प्रश्नचिन्ह दाबलंत तर सगळी यादी समोर येते, म्हणून बाकीची अक्षरं इथे देत नाही.

प्रत्यक्षात हात कसा चालतो पाहा. दिवाळी अंकाच्या फाइलीत 'मुलाखत' हा लेखांतला शेवटचा मथळा सर्वांत वर हवा, आणि 'कविता' कथांच्याही आधी. एन दाबत 'मुलाखत'वर यायचं, यू. मग एन, एन दाबत 'कविता'वर यायचं, यू, यू. कंट्रोल नाही, आल्ट नाही, बाण नाहीत. फांदी हलल्यावर कर्सर तिच्याबरोबर जातो आणि ओळीच्या सुरुवातीलाच राहतो, म्हणून पुढचं अक्षर लगेच चालतं.

कर्सर सुरुवातीला नसेल तर हीच अक्षरं मजकुरात उमटतात. मथळ्याच्या नावात मध्येच 'यूयूडी' असं काही दिसलं तर कारण हेच. कंट्रोल-ए ने ओळीच्या सुरुवातीला या, किंवा मजकुरात असाल तर कंट्रोल-सी कंट्रोल-पी ने थेट वरच्या मथळ्याच्या सुरुवातीला.

मराठी टाइप करत असताना या कमांड्स चालेनाशा होतात.

होणारच, आणि मराठीत ऑर्ग वापरणाऱ्या प्रत्येकाला इथे एकदा ठेच लागते. दोन वेगवेगळे प्रकार आहेत, ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला प्रकार: लिनक्सवर संपूर्ण मशीनचाच कीबोर्ड लेआउट मराठी इनस्क्रिप्ट केलेला आहे. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळेवर 'म' असतो. तुम्ही कंट्रोल-सी दाबता, ईमॅक्सला ऐकू येतं कंट्रोल-म, आणि अशी कमांड नाही म्हणून तो सांगतो. रिफाइल, क्रमवारी, सगळंच ठप्प. दर कमांडआधी लेआउट बदलायचा म्हणजे वैताग.

त्यापेक्षा मशीनचा लेआउट इंग्रजीच राहू द्या आणि मराठीसाठी ईमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत वापरा. आल्ट-एक्स, 'सेट-इनपुट-मेथड', आणि 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' निवडा. रोमन उच्चारांवरून टाइप करायची सवय असेल तर 'देवनागरी-आयट्रान्स'. त्यानंतर कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ या जोडीने ती चालू-बंद होते. ही पद्धत फक्त अक्षरांपुरती मध्ये पडते. कंट्रोल आणि आल्टच्या जोड्या तिला लागत नाहीत, म्हणून मराठी चालू असतानाही कंट्रोल-सी हे कंट्रोल-सीच राहतं.

दुसरा प्रकार स्पीड कमांड्सचा. त्या एकेका अक्षरावर चालतात, आणि इनपुट पद्धत चालू असेल तर एनच्या जागी 'ल' उमटतो. इथे पळवाट नाही, कंट्रोल-उलटी रेघ दाबून मराठी बंद करावी लागते. मला यात फार गैरसोय वाटत नाही. लिहिताना लिहावं, लावताना लावावं. दोन्ही एकत्र करणाऱ्याचं धड एकही होत नाही.

विंडोजवर वर्डमधून आलेल्यांसाठी जाता जाता: तिथे मथळे हलवायला आल्ट-शिफ्ट आणि बाण वापरतात, आणि डावीकडचं आल्ट-शिफ्ट हीच जोडी विंडोजमध्ये भाषा बदलायलाही असते. बाण दाबायच्या आत बोटं उचलली गेली की कीबोर्ड मराठी होऊन बसतो. त्रास होत असेल तर विंडोजच्या भाषा सेटिंगमधून ती जोडी काढून टाका.

रिफाइल म्हणजे नेमकं काय, आणि ते शिकावंच का?

कारण लांबच्या हलवाहलवीला बाणांचा उपयोग नाही. दोनशे मथळ्यांच्या फाइलीत तळाशी एक टिपण आहे, ते पार वरच्या 'लेख'खाली न्यायचंय. यू दाबत बसाल तर ते भावंडांपलीकडे जाणारच नाही. कर्सर त्या मथळ्यावर ठेवून कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यू दाबा. ऑर्ग विचारतो, कुठे पाठवू? 'लेख' म्हणा. फांदी उचलली जाते, नव्या जागी योग्य तेवढे तारे घेऊन शेवटचं अपत्य म्हणून बसते. आणि तुमचा कर्सर आहे तिथेच राहतो, म्हणजे पुढचं टिपण लगेच हातात घेता येतं. साठलेल्या टिपणांचा ढीग उपसायला याहून चांगली कमांड ऑर्गमध्ये नाही.

रिफाइल करताना मला हवा तो मथळा यादीत दिसतच नाही.

न सांगता ऑर्ग फक्त चालू फाइलीतले पहिल्या पातळीचे मथळे दाखवतो. एवढ्यावर रिफाइल निरुपयोगी वाटतं आणि लोक ते सोडून देतात. तीन सेटिंग बदला.

'ऑर्ग-रिफाइल-टार्गेट्स' मध्ये चालू फाइल आणि अजेंडाच्या फाइली (ज्यांतून ऑर्ग कामांची यादी काढतो त्या) घाला, आणि कमाल पातळी तीन द्या. त्याहून खोल गेलात तर यादी इतकी लांबते की शोधण्यातच वेळ जातो.

'ऑर्ग-रिफाइल-यूज-आउटलाइन-पाथ' चालू करा. मग नुसता 'लेख' न दिसता 'दिवाळी अंक', तिरकी रेघ, 'लेख' असा पूर्ण मार्ग दिसतो. 'संदर्भ' किंवा 'इतर' नावाचे मथळे प्रत्येकाच्या फाइलीत पाच-पाच असतात, ते ओळखायला हाच आधार.

तिसरं, 'ऑर्ग-आउटलाइन-पाथ-कम्प्लीट-इन-स्टेप्स' बंद करा. हे मुळात चालू असतं आणि एकेक पायरी विचारत नेतं. व्हर्टिको किंवा आयव्हीसारखं, यादीतून निवडायला मदत करणारं पूरक वापरत असाल तर त्याच्याशी याचं अजिबात जमत नाही. बंद केलंत की नावातली कुठलीही दोन-चार अक्षरं टाइप करून थेट मुक्कामी पोचता.

आणखी एक, कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: कंट्रोल-यू दाबून मग रिफाइलची कळ दाबली तर काहीच न हलता तुम्हीच त्या मथळ्यावर जाता. शोधायला झकास. हेच कंट्रोल-यू दोनदा दाबून केलंत तर शेवटची फांदी जिथे पाठवली तिथे पोचता, म्हणजे 'ते टिपण गेलं कुठे' याचं उत्तर तिथेच.

कापून चिकटवलं तर काय बिघडतं?

साध्या कापण्याने तारे बदलत नाहीत. तीन ताऱ्यांची फांदी पहिल्या पातळीवर चिकटवली तर तीनच तारे घेऊन येते. कापायचंच असेल तर ऑर्गची वेगळी जोडी वापरा: कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू ने फांदी कापा आणि कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-वाय ने चिकटवा. चिकटवताना आजूबाजूची पातळी बघून ताऱ्यांची संख्या आपोआप जुळते. नेमक्या दोन भावंडांच्या मधोमध काही बसवायचं असेल तेव्हा ही जोडी रिफाइलपेक्षा सरस.

चुकून रिफाइल केलं. परत कसं आणू?

एकाच फाइलीत असेल तर कंट्रोल-तिरकी रेघ, नेहमीचं मागे घेणं. दोन फाइलींमध्ये असेल तर जपून. ईमॅक्स प्रत्येक फाइलीचा मागे घेण्याचा इतिहास वेगळा ठेवतो. मूळ फाइलीत मागे घेतलंत तर फांदी तिथे परत येते, पण दुसऱ्या फाइलीत गेलेली प्रतही तशीच राहते. दोन्हीकडे मागे घ्या, नाहीतर महिनाभराने एकाच टिपणाच्या दोन वेगवेगळ्या सुधारलेल्या प्रती हाती येतील आणि त्यांतली खरी कोणती हे कुणीच सांगू शकणार नाही.

एकदम दहा मथळे एक पातळी आत न्यायचेत.

पहिल्या मथळ्याच्या ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-स्पेस, मग शेवटच्या मथळ्याच्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत निवड, आणि आल्ट-उजवा बाण. निवड चालू असताना ही कमांड तिच्यातल्या सगळ्या मथळ्यांवर चालते. म्हणून पोटमथळेही निवडीत आहेत ना, एवढं बघा. निवड करून रिफाइलही करता येतं, फक्त निवडीतला पहिला मथळा बाकीच्यांपेक्षा खोल पातळीवरचा नको.

क्रमवारी लावली तर भलतीच यादी लागली.

बहुधा कर्सर चुकीच्या जागी होता. कंट्रोल-सी आणि मग टोपीचं चिन्ह (सहाच्या कळेवरचं) ही कमांड कर्सर ज्या मथळ्यावर आहे त्याच्या अपत्यांची क्रमवारी लावते, भावंडांची नव्हे. म्हणजे लेखांची क्रमवारी हवी तर कर्सर 'लेख'वर हवा, 'पाणीप्रश्न'वर नव्हे. मग ए म्हणजे अक्षरांनुसार, एन म्हणजे आकड्यांनुसार, टी म्हणजे वेळेनुसार, ओ म्हणजे कामाच्या स्थितीनुसार. कॅपिटल अक्षर दिलं की उलटा क्रम.

मराठीत मात्र दोन अडचणी येतात. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगोलग नंतर आहे, आणि आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. त्यामुळे 'मळणी' हा मथळा 'मशागत'च्या आधी लागतो, आणि शब्दकोश पाहून वाढलेल्या माणसाला ते चूक वाटतं. दहा-पंधरा मथळे असतील तर यू आणि डी ने हाताने सारलेले बरे.

दुसरी अडचण आकड्यांची. 'प्रकरण' शब्द न लिहिता मथळा थेट आकड्याने सुरू केला तरी तो आकडा देवनागरी असेल तर एन ची क्रमवारी चालत नाही. ईमॅक्सला १, २, ३ हे आकडे म्हणून वाचता येत नाहीत, सगळे शून्यच धरले जातात. क्रमवारी लावायची असेल अशा मथळ्यांत आकडे रोमन कीबोर्डचेच ठेवा. तारखांनाही हेच लागू आहे, पण त्या ऑर्ग स्वतःच घालतो म्हणून सहसा प्रश्न येत नाही.

आल्ट-एंटरने नवा मथळा घेताना जुना मथळा मधूनच तुटतो.

कर्सर ओळीच्या मध्ये असला की उरलेला तुकडा नव्या मथळ्यात जातो, तशी मुळात सोय आहे. ती बहुतेकांना नको असते. 'ऑर्ग-एम-रेट-मे-स्प्लिट-लाइन' बंद करा. नाहीतर कंट्रोल-एंटरची सवय लावा. ते ओळ तोडत नाही आणि नवा मथळा चालू फांदी संपल्यावरच घालतं, म्हणजे पोटातला मजकूरही चुकून नव्या मथळ्याखाली जात नाही. मला दुसराच मार्ग पसंत आहे.

टर्मिनलमध्ये आल्ट-शिफ्ट-बाण चालत नाहीत.

पुष्कळ टर्मिनलं ती जोडी ईमॅक्सपर्यंत पोचूच देत नाहीत. त्यासाठी कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स आणि मग कॅपिटल एल किंवा आर आहे. पण स्पीड कमांड्स चालू असतील तर याची गरजच पडत नाही, अक्षरं कुठूनही पोचतात.

एका वेळी एकच फांदी समोर हवी, बाकी सगळं नजरेआड.

कंट्रोल-एक्स एन एस. परत सगळं दिसायला कंट्रोल-एक्स एन डब्ल्यू. स्पीड कमांडमध्ये नुसतं एस, त्यानेच चालू आणि त्यानेच बंद. मोठ्या फाइलीत लावालावी करताना हे आधी करावं. नजरेआडच्या मथळ्यांना चुकून धक्का लागत नाही, आणि रिफाइल मात्र नेहमीसारखं चालतं.

मी लिओमधून आलोय. तिथलं 'प्रमोट' आणि इथलं 'प्रमोट' एकच आहे ना?

नाही, आणि यावरून फाइली विस्कटतात. ऑर्गमध्ये प्रमोट म्हणजे तो मथळा स्वतः एक पातळी बाहेर. लिओमध्ये प्रमोट केलं की नोड जागच्या जागी राहतो आणि त्याची अपत्यं बाहेर येऊन त्याची भावंडं होतात. डिमोटचंही तसंच: लिओत नोडच्या खालची भावंडं त्याच्या पोटात जातात. ऑर्गच्या आत-बाहेरला लिओतला जोडीदार म्हणजे 'मूव्ह-लेफ्ट' आणि 'मूव्ह-राइट'. तिथे त्यांच्या कळा कंट्रोल-यू, डी, एल, आर अशाच आहेत, म्हणजे स्पीड कमांड्सची तीच चार अक्षरं. बोटांची जुनी सवय कामी येते.

लिओतला 'क्लोन', म्हणजे एकच नोड दोन-तीन ठिकाणी जिवंत असणे, ऑर्गमध्ये नाही. त्याची भरपाई लोक दुव्यांनी आणि टॅगने करतात. ती पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. क्लोनवर ज्याचं काम उभं आहे त्याने लिओ सोडू नये.

लिबरऑफिस रायटरच्या नॅव्हिगेटरमधून (एफ-पाच) आलात तर घोळ कमी होईल. तिथे मथळ्याची पातळी बदलली की पोटमथळे आपोआप बरोबर जातात, एकट्याची बदलायची असेल तर कंट्रोल धरावा लागतो. मला हीच मांडणी शहाणपणाची वाटते. नेहमीचं काम साध्या कळेला, क्वचितचं काम जादा कळेला. ऑर्गने आडव्या बाणांसाठी नेमकं उलटं केलं आहे.

मग बाणांची अदलाबदल करून टाकू का? नुसता आल्ट फांदीला, शिफ्ट एकट्याला?

करता येते, दोन ओळींचं काम आहे, आणि स्वतःच्या मशीनपुरतं ठीक आहे. पण ऑर्गची सगळी मदतपानं, सगळे व्हिडिओ, आणि वर सांगितलेली ती घडीवाली सूचनासुद्धा मूळ कळा धरून बोलते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसलात की बोटं दगा देणार. म्हणून बाणांना हात लावू नका, चार कॅपिटल अक्षरांवर या.

हायड्रा किंवा ट्रान्झिएंट ही ईमॅक्सची पूरकं वापरून कळांचा स्वतःचा मेन्यू बांधायची हौस अनेकांना असते. क्वचित लागणाऱ्या कमांड्ससाठी तो उत्तम, कारण त्या आठवत नाहीत. रोजच्या चार-सहा कमांड्ससाठी मात्र मेन्यू म्हणजे एक जादा कळ आणि एक जादा थांबा. ट्रान्झिएंट ईमॅक्सच्या २८व्या आवृत्तीपासून आतच आहे, तेव्हा हौस भागवायची असेल तर क्रमवारी, अर्काइव्ह आणि निवडीच्या कमांड्स तिकडे टाका.

नको असलेली फांदी उडवायची की अर्काइव्ह करायची?

अर्काइव्ह. कंट्रोल-सी आणि डॉलरचं चिन्ह दाबलं की फांदी त्याच फाइलीच्या नावाला 'अर्काइव्ह' जोडलेल्या शेजारच्या फाइलीत जाते, आणि मूळ फाइल कोणती, कुठल्या मार्गावर होती, कधी हलवली, ही माहितीही तिच्याबरोबर नोंदली जाते. गेल्या वर्षीच्या अंकाचा जाहिरातींचा मथळा यंदा पुन्हा लागतोच.